तातासाहेबांचा मोसम

रानमोडीच्या झुडपांतून वाट काढत आयोका आईच्या कसाव्याच्या शेताकडे निघाली होती. वळणावर आली, आणि एक तरुण माणूस तिच्या पायांशी पालथा पडलेला दिसला.

पडलेला म्हणजे — साष्टांग! छाती जमिनीला, हनुवटी धुळीत, हात अंगालगत. चांगल्या योरुबा घरातला मुलगा वडीलधाऱ्यांपुढे घालतो, तसं अगदी स्वच्छ लोटांगण.

आयोकानं मागे वळून पाहिलं. मागून कोणी म्हातारंकोतारं येत असेल... पण वाट रिकामी होती. एकोणीस वर्षांच्या तिला आजवर कोणी वाकूनसुद्धा नमस्कार केला नव्हता. डोक्यावर टोपली, हातात कोयता, पायांत भावाच्या जुन्या चपला — आणि समोर हे! तिला आतून हसू फुटलं. ते गिळून तिनं कमरेवर हात ठेवला, आवाज जाड केला आणि म्हणाली,

“ऊठ बाळा, ऊठ. औक्षवंत हो. नातवंडांचं तोंड पाहा. तुझ्या घरातली गारी कधी न संपो.”

“शू!” जमिनीवरून आवाज आला. “जरा बाजूला व्हा. त्यांचं ऊन अडतंय.”

“कोणाचं?”

त्यानं एक बोट उचललं. रानमोडीच्या फांदीच्या टोकावर काळ्या पिल्लांचा घोस लटकला होता. नखाएवढी पिल्लं, अंगावर कोणी हळदीचं पाणी शिंपडावं तसे पिवळे ठिपके. एकमेकांना खेटून ती सकाळच्या उन्हात गपगार बसली होती.

“हे तर ताता!” आयोका म्हणाली. आमच्याकडे नाकतोड्याला ताता म्हणतात. “तुम्ही तातांना लोटांगण घालताय?”

तेव्हा त्यानं मान वर केली. नाकाच्या शेंड्याला लाल माती लागलेली. समोर म्हातारी नसून एक मुलगी उभी आहे हे पाहून तो धडपडत उठला... आणि उठतच गेला, इतका उंच होता.

“मी... मी तुम्हाला नमस्कार करत नव्हतो.”

“मग माझा आशीर्वाद परत द्या.”

“तो कसा परत देणार?”

“असू दे, असू दे. दिलेलं परत घ्यायची आमच्या घरात पद्धत नाही,” असं म्हणून ती टोपली सावरत पुढे गेली. शेताच्या बांधापर्यंत तिनं मागे वळून पाहिलं नाही. बांधावर मात्र पाहिलं. तो पुन्हा पालथा पडला होता.

ते साल आमच्या पिढीच्या लक्षात राहिलं ते रस्त्यांमुळे. डावीकडून चालणाऱ्या गाड्या सरकारनं त्या वर्षी उजवीकडून चालवायला लावल्या होत्या, आणि लॉरीवाले वळणावर देवाचं नाव घेत होते. अबा-ओसान हे आयोकाचं गाव इबादान शहराच्या मोठ्या रस्त्यापासून आत, कसाव्याची शेतं आणि कोलाची झाडं यांच्यामध्ये वसलेलं. आज तिथं डांबरी रस्ता आहे, मोबाईलचे मनोरे आहेत, आणि पाण्यात भिजवून साखरेशी खायचा कसाव्याचा रवा, म्हणजे गारी, आता यंत्रावर भाजतात. आयोकाचे केस कापसासारखे झाले आहेत. पण पावसाळा सरून कोरडी हवा सुटली, की तिला अजून ती वाट दिसते — दोन्ही बाजूंनी फुललेल्या रानमोडीच्या जांभळट फुलांची, कोणी झाडून ठेवल्यासारखी लाल माती असलेली.

त्या तरुणाचं नाव बोदुनरिन. इबादानच्या शेतकी खात्यानं त्याला एका मोसमापुरता पाठवला होता. पिल्लं जमिनीतून वर आल्यापासून मोठी होऊन अंडी घालेपर्यंत नाकतोडे काय खातात, कुठे जातात, हे पाहायचं आणि गावकऱ्यांना हाताशी धरून त्यांचा बंदोबस्त करायचा. गावात त्याच्या आत्याचं घर रिकामं होतं, तिथं तो उतरला. स्वयंपाकाला त्याची धाकटी बहीण आली होती, तिनुके. तोंडाची टकळी दिवसभर चालू, आणि हसली की सगळे दात दिसत.

आठवडाभरात गावानं त्याचं नाव तातासाहेब करून टाकलं.

आयोकाच्या आईला गाव ‘इया आयोका’, म्हणजे आयोकाची आई, एवढंच म्हणे. तिचं स्वतःचं नाव कोणी घेत नसे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा शहरात कामाला होता. शेत, गारी, बाजार, सगळं दोघी मायलेकी ओढत. बोदुनरिन पहिल्यांदा शेतावर आला, तेव्हा इया आयोकानं त्याला उभ्या उभ्या विचारलं,

“सरकारनं तुला नाकतोडे मारायला पाठवलंय की बघायला?”

“आधी ओळख करून घ्यायला, आई.”

“ओळख करून घेऊन मग मारणार? बरा आहे की पाहुणचार!”

आयोका कसाव्याच्या पानांआड तोंड लपवून हसली. तिचं हसणं त्याला दिसलं, हे तिलाही दिसलं.

मग तो रोज येऊ लागला. उत्तरेचा तो कोरडा धुळकट वारा सुटला होता. ओठ फुटत, सकाळी अंगावर शहारे येत, आणि दुपारी सूर्य पितळी ताटासारखा फिका दिसे. नाकतोडेसुद्धा सकाळी थंडीनं आखडलेले असत. ऊन अंगात मुरल्याशिवाय हलत नसत. तसाच तोही, हातात डबी घेऊन, शेताच्या कडेला ऊन खात बसे. आणि आयोकाला नेमकं त्याच कडेचं तण काढायचं असे.

“एकटा नाकतोडा कसाव्याला तोंड लावत नाही,” तो सांगे. “ताजं पान त्याला कडू विष लागतं. चावतो, थुंकतो, निघून जातो. पण सगळे मिळून आले, की सगळ्यांच्या चाव्यांनी पान मान टाकतं. मान टाकली की कडूपणा जातो. मग बसतात जेवायला.”

“म्हणजे घोळक्यानं यायचं, आधी रडवायचं, मग जेवायचं,” आयोका म्हणाली. “वऱ्हाडच म्हणा की.”

“तू कधी सरळ बोलतेस का गं?”

“सरळ बोलायला मी काय कचेरीत आहे?”

बघता बघता पिल्लांची कात गळली आणि रंग उघडले. काय ते रंग! पिवळ्यावर काळे पट्टे, मध्येच पांढरा, पंखांवर हिरवा, आणि काळ्या मिशांच्या टोकांना शेंदूर. एवढं नटून ते पानावर बसत, ते कोणाला न भिता. हात नेला तरी उडी नाही. धरलं की असा उग्र वास सोडत, की हात धुऊनही जात नसे. पाखरं त्यांच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करत.

“लपायचंच नाही त्यांना,” बोदुनरिन म्हणाला. “‘मी कडू आहे, माझ्या वाटेला जाऊ नका’ असं अंगावर लिहून हिंडतात.”

“आमच्या इया एलेपोसारखं.”

इया एलेपो ही शेजारची पामतेलवाली. डोक्याला गडद केशरी कापड, जाड मणी, आणि जीभ अशी की भल्याभल्यांनी रस्ता बदलावा.

“पण यांना पंख आहेत ना? मग शेत सोडून उडून का जात नाहीत?”

“बहुतेकांचे आखूड असतात. थोड्यांचे लांब असतात... पण तेही क्वचितच उडतात.”

“लांब असून?”

“असून.”

आयोकानं हातातलं तण बांधावर टाकलं. मग विचारलं, “तुमचं इथलं काम संपल्यावर... तुम्ही?”

“अंडी घालून झाली, ती उकरून झाली, की मला परत बोलावणार. पुढे शिकायला पाठवतील म्हणतात. लांब.”

“असं होय,” ती म्हणाली, आणि तणाबरोबर कसाव्याचं एक चांगलं रोप उपटून टाकलं.

याच दिवसांत त्यानं नाकतोड्यांच्या पाठीवर पांढऱ्या रंगाचे ठिपके द्यायला सुरुवात केली. कोणता नाकतोडा किती दूर जातो, हे त्याला पाहायचं होतं. नदीपलीकडच्या झुडपांत ठिपके देऊन त्यानं ते सोडले, आणि दुसऱ्याच सकाळी ठिपकेवाले नाकतोडे त्याच्या दारातल्या मिरचीच्या रोपांवर! त्याच्या पुढच्या दिवशी आणखी. तो हरखून गेला. एवढे मंद प्राणी, आणि एका रात्रीत नदी ओलांडून येतात! त्यानं इबादानला कळवूनही टाकलं.

मग एका पहाटे तो दार उघडून बाहेर आला, तर मिरचीच्या रोपाजवळ आयोका ओणवी. हातात भोपळ्याचं बुडकुलं, त्यात चार-पाच ठिपकेवाले.

तिनं बुडकुलं पाठीमागे नेलं.

“हे... हे आमच्या शेतात चुकून आले होते,” आयोका म्हणाली. “तुमचे आहेत म्हणून आणून दिले.”

“रोज?”

“चुकले की.”

“आयोका! मी साहेबांना लिहून पाठवलंय, की अबा-ओसानचे नाकतोडे रात्रीतून नदी ओलांडतात!”

तिनं तोंडावर हात घेतला. त्याचा चेहरा इतका रडवेला झाला होता, की तिला हसूही येईना. मग तोच हसू लागला. हसता हसता पायरीवर बसला.

“आणि मला वाटत होतं, त्यांनाच माझ्या दाराची ओढ लागली.”

“त्यांना नाही,” आयोका म्हणून गेली... आणि पुढचं वाक्य गिळून, बुडकुलं तिथंच टाकून घरी पळाली.

पंख पुरते फुटले, तशा नाकतोड्यांच्या जोड्या जमू लागल्या. एके दुपारी आयोकानं त्याला हाक मारून एक पान दाखवलं. मादीच्या पाठीवर नर बसला होता, चांगला ऐसपैस.

“हे काय? हा हिच्या पाठीवर बसून जत्रेला निघालाय?”

बोदुनरिनचे कान तापले. “तो... राखण करतो. दुसरा कोणी येऊ नये म्हणून.”

“किती वेळ?”

“दिवसभर. कधी कधी दुसऱ्या दिवशीही.”

“आणि ती?”

“ती... जेवत असते.”

“म्हणजे त्याचं ओझंही तिनंच वाहायचं, आणि पोटापाण्याचंही तिनंच बघायचं! आमच्या गावासारखंच आहे म्हणा यांच्यातही.”

“सगळेच तसे नसतात,” तो हळूच म्हणाला.

“नाकतोडे?”

“नाकतोडे नाही.”

वारा पडला होता. रानमोडीच्या सुकलेल्या फुलांची म्हातारी उडून दोघांच्या केसांत अडकत होती. तिच्या केसांतला एक तंतू काढायला त्याचा हात वर झाला... अर्ध्यावर थांबला... आणि त्यानं तो हात आपल्याच डोक्यावरून फिरवला. आयोकानं ते पाहिलं. त्या अर्ध्या राहिलेल्या हातावर तिनं पुढचे कितीतरी दिवस काढले.

पण तो काही बोलेना. आणि आमच्यात मुलीनं बोलायचं नसतं. मुलाच्या घरची माणसं येतात, गोल गोल बोलतात, ‘तुमच्या बागेत एक फूल पाहिलं’ म्हणतात. तोवर मुलीनं आपलं भाजायचं, कांडायचं, गप्प राहायचं. मोसम तर सरत चालला होता. नाकतोड्यांची पोटं जड झाली होती.

आता जे झालं ते कळायला आमची एक रीत ठाऊक हवी. घरात नवी सून आली, की तिच्या लग्नाआधी त्या घरात जन्मलेल्या कोणाचंही नाव ती तोंडावर घेत नाही. मग तो दीर पाळण्यात का असेना. ती प्रत्येकाला स्वतःचं एक लाडाचं नाव ठेवते. सडपातळ नणंदेला ‘वेताची कांडी’, सावळ्या दिराला ‘तुकतुकीत’, असं काहीबाही. ते नाव फक्त तिचं. दुसऱ्या कोणी त्या घरातल्या माणसाला असं नाव ठेवायचं नसतं.

त्या दिवशी इया एलेपोच्या अंगणात पाच-सहा बायका कसावा किसत होत्या. आंबूस वास सुटला होता, मांडीवर ओला कीस उडत होता. भरलेलं पोतं दगडांखाली दाबायला ठेवायचं होतं. आयोकानं एक टोक धरलं, आणि बोदुनरिनच्या बहिणीकडे पाहून सहज हाक मारली,

“ए कवडीदाती, दुसरं टोक धर गं!”

किसण्या थांबल्या.

तिनुकेचे दात खरंच कवड्यांसारखे होते, शुभ्र आणि ठसठशीत. पण ती हसायची विसरली. ती आयोकाकडे पाहत राहिली. आणि मग इया एलेपोनं मांडीवर थाप मारली.

“अगं बायांनो! सून आली! तातासाहेबाच्या घरात सून आली, आणि आपल्याला सोयरिकीच्या कोलाच्या बीचा तुकडासुद्धा नाही!”

एकच कल्ला उडाला. कोणी टाळ्या पिटल्या, कोणी नव्या सुनेच्या स्वागताचं गाणं धरलं, कोणी आयोकाच्या डोक्यावर पदरासारखं फडकं टाकलं. आणि नेमका त्याच वेळी कुंपणातून बोदुनरिन आत आला. दोन्ही हातांत काचेच्या बरण्या.

“काय झालं?”

“आयोकानं तुझ्या बहिणीला नाव ठेवलं!”

“नावं ठेवली? का? काय केलं हिनं?”

“नावं नाही रे बाबा, नाव! एकच!”

त्याला समजायला क्षणभर वेळ लागला. समजलं तशी हातातली बरणी कलली. आयोकाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं डोक्यावरचं फडकं ओढून काढलं.

“काहीतरीच काय! तिचं नाव तिनुके आहे. माझ्या आईचंही तेच आहे. आईचं नाव मी तोंडावर कसं घेऊ? म्हणून म्हटलं झालं काहीतरी!”

बायका जरा निवळल्या. इया एलेपोनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आयोकाकडे नीट पाहिलं... आणि मिटलं. तिच्या आयुष्यात असं फार थोड्या वेळा घडलं असेल.

“बरोबर आहे,” बोदुनरिन घाईघाईनं म्हणाला. “आईचं नाव कोण घेईल? उगाच छळू नका तिला. निसटलं असेल तोंडून. तिच्या मनात तसलं काही नाही... मला माहीत आहे ना.”

मला माहीत आहे ना!

आयोकानं पोतं खाली ठेवलं. तिचं खोटं त्यानं इतक्या पटकन, इतक्या आनंदानं खरं मानलं, याचाच तिला जास्त राग आला. नाकतोड्याच्या मिशांची टोकं, पायांवरचे काटे, पोटावरच्या वळ्या, सगळं ज्याला दिसतं, त्याला एवढं दिसू नये? की दिसलं, आणि नको होतं?

त्या दिवसापासून ती शेताच्या त्या कडेला गेली नाही. तिनुकेला हाक मारायची झाली तर ‘अगं ए’ म्हणू लागली.

“माझं नाव तुला चालत नाही, ते ठीक,” तिनुके एकदा पाणी भरताना म्हणाली. “मग ते दुसरं तरी परत दे. ‘अगं ए’ काय? मी काय शेळी आहे?”

“ते चुकून होतं.”

“दादाही तेच म्हणतो. रोज म्हणतो. कोणी न विचारता म्हणतो. ताटावर बसलं की म्हणतो.”

आयोकानं घागर उचलली आणि चालू लागली. पण पाणी वाटभर हिंदकळत होतं.

पावसाच्या तोंडावर नाकतोडे शेतं सोडून निघाले. इतक्या झुडपांची सावली मोकळी होती, पण सगळ्या माद्या गावाच्या कडेला, कोलाच्या झाडांखालच्या एकाच तुकड्यावर लोटल्या. जमीन हलते आहे असं वाटे. पोट मातीत खुपसून अंडी घालत, वर फेस सोडत, आणि तिथंच आजूबाजूला मरून पडत. ते रंग मातीत विझताना आयोकानं लांबून पाहिले. एवढ्या मोठ्या रानातून सगळ्यांना ही एकच जागा कशी सापडते, कोण सांगतं... तिला त्याला विचारायचं होतं. विचारलं नाही.

मग गाव कुदळ्या घेऊन उतरलं. माती वीतभर उकरायची, फेसाच्या वाळलेल्या शेंगा उन्हात उलट्या पाडायच्या. उन्हानं त्या आपोआप मरतात. सगळं गाव राबलं. आयोका एका टोकाला खणत होती, बोदुनरिन दुसऱ्या. मध्ये माणसं होती, गाणी होती. पण दोघांच्याही कुदळी अधूनमधून उगाच थांबत होत्या.

काम झालं. त्याचं बोलावणं आलं.

निघायच्या सकाळी आयोका अंगणातल्या छपराखाली गारी भाजत होती. चुलीवर लोखंडाची पसरट कढई, हातात भोपळ्याच्या कवटीचा तुकडा. गारी सारखी हलवत राहावी लागते. हात थांबला की करपली. समोरच्या रस्त्यावर पत्र्याची पेटी ठेवून बोदुनरिन लॉरीची वाट पाहत उभा होता. तो नमस्कार करून गेला होता, इया आयोकाला, साऱ्या गावाला. आयोकाला ‘येतो’ म्हणाला होता. तिनं कढईतून मान वर केली नव्हती.

चुलीतली लाकडं संपत आली. तिनं शेजारच्या अंगणाकडे तोंड करून, जुन्या सवयीनं, खणखणीत हाक दिली,

“तिनुके! अगं ए तिनुके! दोन लाकडं दे गं!”

“ओ!” रस्त्यावर पेटीवर बसलेली बोदुनरिनची बहीण उठून उभी राहिली.

“ओ!” शेजारच्या अंगणातून इया एलेपोची लेक बाहेर आली. ती इबादानला शिवणकाम शिकत असे, ईस्टरच्या सुट्टीत घरी आली होती. “आणते गं!”

दोन तिनुके एकमेकींकडे पाहत राहिल्या.

आयोकाच्या हातातला तुकडा कढईत अडखळला. रस्त्यावरची ती उंच आकृती वळली होती. आधी सावकाश, मग लांब लांब ढांगा टाकत तो छपराखाली आला.

“आत्ता कोणाला हाक मारलीस?”

“इया एलेपोच्या मुलीला.”

“नावानं?”

“मग कशानं मारायची? लहानपणापासून ओळखते मी तिला.”

“पण ते तर... तुझ्या आईचं नाव आहे ना?”

ती गारी हलवू लागली. भरभर, गरज नसताना.

“आयोका. माझ्या बहिणीला मात्र ते नाव घेता येत नव्हतं तुला?”

“तुम्हीच म्हणालात ना, निसटलं म्हणून! सगळ्यांसमोर! मला माहीत आहे म्हणालात! मग आता काय विचारता?”

“मला वाटलं...” तो म्हणाला. “बायका हसत होत्या. तुझ्या डोळ्यांत पाणी आलेलं दिसलं मला. वाटलं, तोंडून चुकून गेलेल्या एका शब्दावर तुला कोणी बांधून टाकू नये. माझ्या गळ्यात तर नाहीच. मी ‘हो’ म्हटलं असतं, तर तुला ‘नाही’ म्हणायला जागा राहिली नसती. आणि मला तर... मला तर तेव्हा आनंदानं उभं राहता येत नव्हतं गं. बरणी फुटायची राहिली हातातली.”

“चुकून गेलेला नव्हता,” आयोका म्हणाली.

“काय?”

“कानांनीही ऐकू येत नाही का तुम्हाला? निसटला नव्हता तो शब्द. किती दिवस शोधत होते मी. कधी वाटे ‘गोड गळ्याची’ म्हणावं, कधी ‘उंच घरची’. मग एकदा ती हसली, आणि... तिच्या भावाचेही दात तसेच आहेत, म्हणून ते ठरवलं. म्हणायचं धाडस व्हायला आणखी दिवस गेले. आणि म्हटलं, तर तुम्ही...”

तिनं गारीच्या हातानंच गाल पुसला. त्याचा हात वर आला. या वेळी तो अर्ध्यावर थांबला नाही. तिच्या गालावरचा गारीचा कण त्यानं बोटानं टिपला आणि बोट तिथंच राहिलं.

रस्त्यावर लॉरी येऊन भोंगे वाजवत होती. ‘खाली उतर, भांडू!’ असं आम्ही त्या लाकडी लॉऱ्यांना म्हणत असू. त्यांचे कंडक्टर होतेच तसे भांडखोर. “तातासाहेब! येणार की राहणार?” कंडक्टर ओरडला. तिनुकेनं पेटीवर पुन्हा ऐसपैस बसून त्याला सांगितलं, “जा बाबा तू. दादा कामात आहे.”

कढईतून निळसर धूर निघू लागला होता. दोघांपैकी कोणालाही तो दिसला नाही. शेजारच्या अंगणात इया एलेपोनं नाक वर केलं आणि तोंडावर फडकं धरून खदखदू लागली.

घरातून इया आयोका बाहेर आली. तिनं कढईकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, त्या उंच मुलाच्या बोटाकडे पाहिलं. पुढे होऊन आयोकाच्या हातातला भोपळ्याचा तुकडा काढून घेतला, तळाशी खरवडला. कोळसा.

“दोन दिवसांची मेहनत,” ती म्हणाली. “ही करपलेली गारी आता कोण खाणार?”

“मी,” बोदुनरिन म्हणाला. “मी खाईन, आई. सगळी.”

इया आयोकानं हातातला तुकडा कढईच्या काठावर झटकला. मग तिनं कढई चुलीवरून उतरवून त्याच्यासमोर ठेवली, आणि आयोकाला म्हणाली, “उभी काय राहिलीस? पाणी आण. साखर आण. आणि दोन वाट्या आण.”